बंद पडलेल्या वस्तूंचे करायचे काय?

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. वारणेच्या बाजूच्या एका वाडीतून एक आई आपल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. "डॉक्टर, पोरगं काय खाईना झालंय. सारखं पोट दुखतंय म्हणतंय, आन् चिडचिड तर विचारू नका." मुलगा फिकट दिसत होता. आपल्याकडे फिकट मूल समोर आले की डॉक्टरचा हात आपोआप दोन औषधांकडे जातो : जंताची गोळी आणि लोहाचे सिरप. मीही तेच दिले. महिन्याने तीच तक्रार; मग बद्धकोष्ठासाठी आणखी एक बाटली वाढवली. तिसऱ्या खेपेला वडील बरोबर आले. सहज विचारले, काय काम करता? शेती, आणि नदीला पाणी आले की जाळे टाकणे. जाळ्याला लागणाऱ्या शिशाच्या गोळ्या ते घरीच ओतत. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी परसात फोडायची, आतल्या पट्ट्या काढायच्या आणि चुलीवर जुन्या कढईत वितळवायच्या. मुलगा शेजारीच बसलेला असे आणि गार झालेल्या गोळ्या घेऊन खेळे.

मी काळजीने बघू लागलो तसे ते म्हणाले, "त्याला काय होतंय, साहेब? आमचा बा पण असंच शिसं वतायचा."

रक्ताचा नमुना बाहेर पाठवला. एक डेसिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आढळले तर ते कुठून आले याचा शोध घ्या, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितले आहे. या मुलाचा आकडा त्याच्या कितीतरी पट निघाला. आणि मी मात्र तीन महिने जंत शोधत बसलो होतो. चूक माझी होती, "घरात काय काम चालते?" हा एक प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

शिसे हे मोठे लबाड विष आहे. त्याला वास नाही, चव कडू नाही आणि ते चुलीच्या आचेवर सहज वितळते. त्याची वाफ आणि बारीक धूळ हातावर, कपड्यांवर, अंथरुणावर बसते. लहान मूल सगळे तोंडात घालते. शिवाय मोठ्या माणसाच्या मानाने मुलाचे आतडे चार-पाच पट अधिक शिसे शोषून घेते. रक्तात लोह कमी असेल तर आणखीच जास्त, आणि आपल्याकडे लोह कमी नसलेली मुले किती? सुरुवातीला पोटदुखी, बद्धकोष्ठ, फिकटपणा एवढेच दिसते. खरे नुकसान मेंदूचे होते. मूल अभ्यासात मागे पडते, एका जागी बसत नाही, आणि मास्तर म्हणतात पोरगे वांड आहे. मेंदूचे झालेले नुकसान औषधाने भरून येत नाही. पातळी फार वाढली तर शिसे बाहेर काढणारी औषधे द्यावी लागतात. पण पहिला उपचार म्हणजे शिशाचे घरात येणे बंद करणे. २००० साली आपल्या देशात पेट्रोलमधले शिसे बंद झाले. रस्त्यावरून गेलेले हे विष आता परसदारातून आत येते आहे.

बॅटरीचे उदाहरण मी घेतले, कारण ते माझ्यासमोर घडले. पण आपल्या घरात आणखी काय काय साठले आहे ते पाहा. आंबा-मलकापूर पट्ट्यात पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून घरोघरी इन्व्हर्टर, चार्जिंगच्या बॅटऱ्या, सौर दिवे. मुंबईकर मंडळींनी तिकडे नवा टीव्ही घेतला की जुना गणपतीला किंवा शिमग्याला गावाकडे येतो आणि वर्ष-दोन वर्षांत माळ्यावर जातो. पाठीमागे फुगीर असलेल्या त्या जुन्या टीव्हीच्या काचेत किलोच्या मापात शिसे असते. नळीच्या आणि पिळाच्या दिव्यांत थोडा पारा असतो. बंद मोबाइल तर प्रत्येक घरात तीन-चार सापडतील.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण काही वाचक हे वाचून उद्याच माळा रिकामा करायला निघतील. माळ्यावर न फुटता पडून असलेला टीव्ही कोणाला आजारी पाडत नाही. तो फोडला, जाळला, वितळवला की विष बाहेर पडते. म्हणून माझा आक्षेप माळ्यावरच्या अडगळीवर नाही, ती कोणाच्या हाती जाते यावर आहे.

ती जाते कोणाकडे? गल्लीत कर्णा लावलेला टेम्पो येतो, बंद मोबाइलवर आणि जुन्या टीव्हीवर प्लॅस्टिकचा टब किंवा दोन डबे मिळतात. घरच्या बाईला वाटते, अडगळ गेली आणि टब फुकट आला. भंगारवाल्याला मी दोष देत नाही. तोही पोटासाठीच हिंडतो आणि धूर सगळ्यांत आधी त्याच्याच छातीत जातो. पण त्या मालातले तांबे काढायचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे वायर पेटवणे. ओढ्याच्या काठाला काळा धूर आणि भोवती चार पोरे, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. वायरीवरचे आवरण जळताना घसा सोलवटणारा आम्लाचा वायू निघतो आणि डायऑक्सिन नावाची अतिविषारी द्रव्ये तयार होतात. तांबे विकून वडापावचे पैसे सुटतात, खोकला मात्र माझ्याकडे येतो. राख पावसात वाहून जाते. आपली कडवी वारणेला मिळते आणि वारणा हरिपूरजवळ कृष्णेला. म्हणजे आपली राख सांगलीकरांच्याही वाट्याला जाते.

जगात २०२२ साली असा ६ कोटी २० लाख टन कचरा निघाला आणि त्याचा चौथा हिस्साही रीतसर गोळा झाल्याची नोंद नाही. आपल्याकडे कायदा नाही असे नव्हे. २०११ साली पहिले नियम झाले. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत शंभरावर वस्तू आहेत आणि त्या परत घेऊन नोंदणीकृत कारखान्यात पोचवण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीवर आहे. बॅटऱ्यांसाठी २०२२ चे वेगळे नियम आहेत. पण वाडीवस्तीवर गाडी कोण पाठवणार? पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था आहे. तिथे दिवस ठरवून जुन्या वस्तू आणि असा कचरा गोळा केला जातो. शहराला जमते ते तालुक्याला का जमू नये? दिवाळीच्या साफसफाईआधी वर्षातून एक दिवस, ग्रामपंचायतीत किंवा शाळेत सगळ्यांनी आणून ठेवायचे आणि नगरपरिषद व ग्रामपंचायती मिळून एक ट्रक नोंदणीकृत कारखान्याला पाठवायचा. एवढा विषय ग्रामसभेत मांडायला निधी लागत नाही.

तोवर घरी करण्यासारखे पुष्कळ आहे. नवी बॅटरी घेताना जुनी न फोडता दुकानदाराला द्या. तो किमतीत सूटही देतो. मोबाइलची फुगलेली बॅटरी टोचू नका, चुलीत टाकू नका. दिवा फुटला तर खिडक्या उघडा, मुलांना पंधरा मिनिटे बाहेर ठेवा, झाडू न मारता पुठ्ठ्याने काच उचला आणि झाकणाच्या बरणीत ठेवा. खेळण्यातल्या आणि रिमोटमधल्या चपट्या गोल बॅटऱ्या मुलांपासून लांब ठेवा; अशी बॅटरी गिळली तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते, तेव्हा उलटी न करवता तडक मोठे रुग्णालय गाठा. आणि सर्वांत सोपे : दुरुस्त होणारी वस्तू दुरुस्त करून घ्या. मलकापूर-बांबवड्याच्या बाजारात डाग लावून मिक्सर चालू करून देणारे कारागीर अजून आहेत. लग्नात तिसरा मिक्सर देण्यापेक्षा आहेराचे पाकीट बरे.

तो मुलगा आता आठ वर्षांचा आहे. कढई गेली, परस खरवडून वरची माती काढून टाकली, वडील गोळ्या बाजारातून आणतात. शेवटच्या तपासणीत आकडा निम्म्याहून खाली आला होता. अजून पाचावर आलेला नाही. पाढे विसरतो, असे आई सांगते. पुढची तपासणी शिमग्यानंतर आहे.

माझ्या दवाखान्याच्या पोटमाळ्यावरही एक जुना संगणक, दोन पाऱ्याची रक्तदाब यंत्रे आणि बंद पडलेले ईसीजी मशीन एका पेटीत बांधून ठेवले आहे. टेम्पोवाला दोनदा विचारून गेला.