कवंदी अंथरा, भिंतीला टांगू नका

सिद्दी म्हटलं की आपल्याला जंजिरा आठवतो. मुरूडचा तो पाणकोट, त्यावरच्या तोफा आणि मराठ्यांच्या हाती कधीच न लागलेला त्याचा दरवाजा. ज्या सिद्द्यांनी सत्ता गाजवली ते इतिहासाच्या पुस्तकात गेले. पण त्याच समुद्रावरून पोर्तुगीज जहाजांतून गोव्यात आणून विकलेली आफ्रिकी माणसं होती, त्यांचं काय झालं हे विचारायची आपल्याला फारशी गरज वाटली नाही. त्यांतले कितीतरी जण मालकाच्या तावडीतून निसटले आणि सह्याद्रीच्या रानात शिरले. त्यांचे वंशज, हेही सिद्दीच, आज उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला या भागांत राहतात. कुणी हिंदू, कुणी मुसलमान, कुणी ख्रिस्ती. घरातली बोली कोकणी, तीही मराठी कानाला सहज ओळखू येणारी. २००३ साली त्यांना कर्नाटकात अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला.

या समाजातल्या बायका जुन्या कपड्यांची गोधडी शिवतात. तिला कवंदी म्हणतात. ती मोडीत निघण्याआधी तिला हात द्यायला हवा, आणि तो गोव्यातून, कोकणातून, महाराष्ट्रातून पुढे यायला हवा. त्या माणसांना आणणारी जहाजं आपल्याच किनाऱ्याला लागली होती.

कवंदी शिवताना बघण्यासारखी असते. खाली अस्तराला जुनी साडी. बाई तिच्या एका कोपऱ्यावर बसते, कापडाचा तुकडा ठेवते, कडा बोटाने आत दुमडते आणि धावदोरा घालत कडेकडेने पुढे सरकते. चारी बाजू फिरून झाल्या की त्याच्या आत दुसरा फेरा, मग तिसरा, असं करत ती मध्यावर येऊन पोचते. आधी काढलेली आकृती नाही, मोजपट्टी नाही, चौकट नाही. लाल तुकड्याशेजारी कुठला रंग बसवायचा हे त्या क्षणी ठरतं. जाड दोऱ्याचे टाके लांबून ओळीने दिसतात आणि सगळ्या कापडाला एक चाल येते. शेवटी चार कोपऱ्यांना फुलं लावायची, म्हणजे घड्या घालून केलेले छोटे तिकोनी तुकडे. फुलांशिवाय कवंदी पुरी झाली असं कुणी मानत नाही. ख्रिस्ती घरात मधोमध क्रूस येतो, मुसलमान घरात चंद्रकोर. तान्ह्या बाळासाठी लहान कवंदी, आणि घरच्या अंथरुणासाठी ती किती जण निजणार त्या मापाची.

आणि हे तुकडे कुणाचे? थोरल्या मुलीचा परकर, नवऱ्याची लुंगी, गेलेल्या सासूची साडी. कवंदी विरली की तिच्यावरच नवं ठिगळ चढतं, त्यामुळे जुन्या कवंदीत घरातल्या माणसांचे थर साचत जातात. घाटमाथ्यावरच्या पावसाळ्यात, ओल धरलेल्या जमिनीवर हेच थर अंगाखाली असतात.

या गोधडीला ‘आफ्रिकेची कला’ म्हणून विकण्याची एक हौस आहे. ती मला पटत नाही. चिंध्यांची गोधडी शिवणं सगळ्या दख्खनला ठाऊक आहे, आपल्या वाकळीही त्याच कुळातल्या. सुईदोऱ्याचं हे काम त्या बायकांनी बहुधा इथंच उचललं असावं. समुद्राने माणसं आणली, कापड आणि कसब इथलं, आणि रंगांची ती बेधडक जुळणी त्यांची स्वतःची. यात कमीपणा कसला? ज्यांच्याकडून घर, नाव, भाषा हिसकावून घेतली, त्यांनी परक्या मुलखात टाकून दिलेल्या कापडातून काही उभं केलं, हेच मला मोठं वाटतं.

आता हे मागे पडतं आहे. बाजारात चारदोनशे रुपयांत गुबगुबीत ब्लँकेट मिळतं. साड्या पॉलिस्टरच्या झाल्या. तो कपडा सुईखालून सटकतो, अंगाखाली उकडतो आणि कवंदीला नको असतो. तरुण पोरी कामासाठी शहरांत जातात. आईच्या मांडीशी बसून टाका शिकायला घरी राहतं कोण?

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातले कला-इतिहासकार हेन्री ड्रेवाल यांनी २००४ मध्ये या बायकांची सहकारी संस्था उभी राहायला मदत केली. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या शॉम्बर्ग सेंटरमध्ये कवंद्यांचं प्रदर्शन भरलं. पणजीहून हल्याळ काही तासांच्या अंतरावर, आणि कवंदी आधी न्यूयॉर्कला माहीत झाली! अलाबामातल्या जीज बेंड गावच्या काळ्या बायकांच्या गोधड्या २००२ पासून अमेरिकेतल्या मोठ्या संग्रहालयांत मांडल्या गेल्या, २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली, आणि २००७ मध्ये त्यांतल्या काही बायकांना आपल्या वाट्याच्या पैशांसाठी कोर्टात जावं लागलं. कौतुकाच्या मागोमाग हेही येतं. आपण सुरुवातीलाच शहाणे होऊ या.

म्हणून विनंती आहे ती अशी. कवंदी विकत घ्या, पण तिच्यात किती दिवसांचं हातकाम आहे ते विचारून दाम द्या, घासाघीस करू नका. उशीचे अभ्रे आणि मोबाइलचे बटवे मागून त्या बायकांना फुटकळ कामाला जुंपू नका. निजायची कवंदी मागा आणि तिच्यावर निजा. शिवणारीचं नाव तिच्या परवानगीने कापडावर टाकलेलं हवं, असा आग्रह धरा. दुकानदार आणि प्रदर्शन भरवणाऱ्यांना तर हे बंधनच असावं. नव्या कवंद्या घरांत वापरात येऊ देत, पण जुन्या, विरलेल्या, थरावर थर चढलेल्या कवंद्या गोव्यातल्या आणि मुंबईतल्या संग्रहालयांनी योग्य मोल देऊन जपायला हव्यात. त्यांच्याबरोबर कोणता तुकडा कुणाचा, हे त्या घरच्या तोंडून ध्वनिमुद्रित करून ठेवायला हवं. हे काम आजच्या म्हाताऱ्या असेपर्यंतच होईल. वस्त्रकला शिकवणाऱ्या महाविद्यालयांनी मुलांना तिकडे न्यावं, शिकवायला नव्हे, शिकायला, आणि शिकवणाऱ्या बाईला पाहुण्या व्याख्यात्याइतकं मानधन द्यावं.

कपाटात सुती लुगडी पडून असतील तर ती धुऊन, आधी विचारून पाठवा. मात्र फाटकं-तुटकं दान म्हणून नको. आणि घरात बाळ येणार असेल तर मागणी वेळेत नोंदवा. लावणी-कापणीच्या दिवसांत त्या शेतात असतात.