देवनारचा डोंगर कुणाच्या डोक्यावर?

दर ५ जूनला शहरात झाडं लावली जातात. मंत्री खड्ड्यात रोप ठेवतो, फोटो निघतो, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या तिथंच पडतात. दुसऱ्या दिवशी त्या बाटल्या उचलतं कोण? पर्यावरणवाल्यांच्या भाषणात हा प्रश्न येत नाही. म्हणून आम्ही विचारतो.

मुंबईनं देवनारला कचरा टाकायला सुरुवात केली १९२७ साली. त्याच साली, २० मार्चला, बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. पाण्यासाठी आम्हाला डोकी फोडून घ्यावी लागली. कचरा मात्र न मागता वाट्याला आला. आज तिथं सव्वाशे हेक्टरांवर डोंगर आहे. २०२५ च्या निविदेत पालिकेनंच तो १८५ लाख टन धरला. हा डोंगर आतल्या आत शिजतो. शिळं अन्न, भाजीपाला दबून राहिला, हवा पोचली नाही की मिथेन होतो, मग ठिणगी पुरते. जानेवारी २०१६ मध्ये तो असाच पेटला आणि धूर उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला. गोवंडीच्या पोरांच्या छातीत गेलेला धूर कुठल्या छायाचित्रात दिसणार?

आग लागली की पहिला संशय भंगारवाल्यांवर, कचरा वेचणाऱ्या बायांवर. ओलं-सुकं एकाच पिशवीत कोंबून खाली पाठवणारे फ्लॅटवाले संशयितांत कधीच नसतात.

मित्रांनो, हे शहर वाचवतंय कोण ते नीट बघा. पुठ्ठा गिरणीत जातो, प्लास्टिक धारावीच्या १३ कंपाउंडात. तिथं माणसं ते रंगानुसार निवडतात, धुतात, दळतात, वितळवून त्याचा दाणा करतात. तेवढं नवं तेल जमिनीतून काढावं लागत नाही. सेमिनारवाले याला संसाधनांचा शाश्वत वापर म्हणतात. आमच्या आया त्याला पोट म्हणतात, आणि तेही धड भरत नाही.

पुण्यात ही माणसं संघटित झाली. १९७२ च्या दुष्काळात गावं सोडून आलेल्या किती तरी दलित बाया तिथं कचरा वेचत होत्या. १९९३ ला त्यांची पंचायत उभी राहिली, १९९६ ला पालिकेनं मान्य केलेली ओळखपत्रं मिळाली, २००८ पासून त्या दारोदार जाऊन हक्कानं कचरा घेतात, घरमालकाकडून पैसे घेतात. २०१६ च्या केंद्राच्या नियमांनीही कचरावेचकांना व्यवस्थेत घ्या म्हणून सांगितलं. कागदावर सगळं छान आहे!

आणि मुंबईत? २०२४ ला राज्य सरकारनं देवनारची १२४ एकर जमीन धारावीच्या पुनर्वसनाला द्यायचं ठरवलं. ज्यांनी शहराचा कचरा कमी केला, त्यांनी आता त्या कचऱ्याच्या जागेवर राहायला जायचं. मलबार हिलच्या एखाद्या साहेबाला विचारा की बुवा, जाता का?

डोंगर उपसायला यंत्रं लागतील, कंत्राटदाराचं बिल निघेल. आकडा आणि पोतं घेऊन वर्षानुवर्षं तोच डोंगर हलका करणाऱ्या बाईला तिथं मजुरी मिळणार का, सुक्या कचऱ्यावर तिचा पहिला हक्क राहणार का, हातमोजे कोण देणार, हे वॉर्ड ऑफिसात जाऊन लेखी विचारायचंय. जाण्याआधी आपापल्या चाळीतला ओला-सुका कचरा वेगळा करून या. फुटलेली काच कुणाच्या हातात घुसते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.