कान तपासणारा तोच, मशीन विकणाराही तोच. ऑडिओलॉजिस्ट होणाऱ्या पोरांची खरी परीक्षा कोर्स संपल्यावर

बारावी आणि नीटचे निकाल लागले की तालुक्याच्या ऑनलाइन सेंटरवर पालकांची गर्दी होते. एमबीबीएसला नंबर लागत नाही, खासगी कॉलेजची फी झेपत नाही. मग यादीत खाली सरकताना एक नाव दिसतं, बीएएसएलपी. साध्या भाषेत सांगायचं तर कान तपासणं, कानाचं मशीन बसवणं आणि ज्याला बोलता येत नाही त्याला बोलायला शिकवणं, याची ही पदवी. चार वर्षांचा कोर्स, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिप. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था, नायर हॉस्पिटल, पुण्यात भारती विद्यापीठ अशा ठिकाणी तो शिकवला जातो.

नोकरी लागते का, पगार किती, हे सगळेच विचारतात. हे काम करताना खोटं बोलायचा दबाव कुठून येतो, हे मात्र कोणी विचारत नाही. गावाच्या दृष्टीने तोच प्रश्न मोठा आहे, कारण या पोरांच्या रिपोर्टवर उद्या गावातल्या म्हाताऱ्यांचा खिसा आणि लहान लेकरांचं आयुष्य अवलंबून राहणार आहे.

पहिली गोम धंद्याच्या रचनेतच आहे. डोळ्याच्या किंवा दाताच्या दवाखान्यात माणूस निदान थोडंफार स्वतः समजू शकतो. कानाचं तसं नाही. हेडफोन लावून खोलीत बसवतात, आवाज आला की बटण दाबायचं, आणि कागदावर एक आलेख निघतो, त्याला ऑडिओग्राम म्हणतात. तो पेशंटला वाचता येत नाही. आणि बहुतेक खासगी सेंटरवर हा आलेख काढणारा आणि 'मशीन घ्यावंच लागेल' असं सांगणारा माणूस एकच असतो. मशीन काही हजारांपासून लाखाच्या पुढेपर्यंत असतं. महागडं विकलं की विकणाऱ्याला जास्त सुटतात. बियाण्याच्या दुकानात जो कीड ओळखून देतो तोच औषध विकतो, तसाच हा प्रकार. शेतकऱ्याला त्यातलं दुखणं वेगळं सांगायला नको.

त्यात आठवडी बाजाराच्या दिवशी भरणारी 'मोफत कान तपासणी' शिबिरं. मंगल कार्यालयात पंखे गरगरताहेत, बाहेर स्पीकर चालू आहे आणि आत तपासणी. खरी तपासणी आवाज बंद असलेल्या खोलीतच व्हायला पाहिजे, हे कोर्सच्या सुरुवातीलाच शिकवतात. गोंगाटात बारीक आवाज चांगल्या कानालाही ऐकू येत नाही, मग आलेखात बहिरेपणा असतो त्यापेक्षा जास्त दिसतो. कानात नुसता मळ साचलेला असतो, कान फुटून पू येत असतो, पडद्याला भोक असतं. अशा पेशंटला आधी कान-नाक-घसा डॉक्टरकडे पाठवायचं असतं. एखाद्याला एका कानाने अचानक ऐकू येणं बंद झालं, तर पहिले काही दिवसच उपचाराचे असतात. त्याला शिबिरात मशीन गळ्यात मारून घरी पाठवणं म्हणजे त्याचा कान घालवणं. फायदा मशीन विकण्यात असताना 'तुम्हाला मशीनची गरज नाही, डॉक्टरकडे जा' म्हणायची हिंमत, याला या पेशात नीतिमत्ता म्हणतात. त्यावर परीक्षेत दोन-चार मार्कांचा प्रश्न येतो. गाठ रोज पडते.

दुसरी जागा दाखल्याची, आणि तिथे दबाव पैशापेक्षा ओळखीचा असतो. गेल्या काही वर्षांत राज्यातल्या अनेक जिल्हा परिषदांनी बदलीत सवलत घेतलेल्या शिक्षकांचे दिव्यांग दाखले पुन्हा तपासायला घेतले, काही जण निलंबितही झाले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांनी 70 डेसिबल किंवा जास्त ऐकू येत नसेल तो कर्णबधिर, 60 ते 70 मधला श्रवणदोष असलेला. सवलतीसाठी 40 टक्के अपंगत्व लागतं. आता बटण दाबायची तपासणी पेशंटच्या हातात. आवाज ऐकूनही बटण दाबलं नाही की झाला बहिरा.

पण शिकलेल्या ऑडिओलॉजिस्टला हे फसवणं सोपं नाही. तीच तपासणी परत केली की आकडे जुळत नाहीत. शब्द ऐकवून केलेली चाचणी एक सांगते आणि बटणाची दुसरं. शिवाय बेरा नावाची तपासणी आहे. डोक्याला तारा लावून मेंदूपर्यंत आवाज पोचतो का ते मशीनच बघतं, तिथे पेशंटने काही करायचं नसतं. म्हणजे खोटा रिपोर्ट बहुतेक वेळा नजरचुकीने निघत नाही, कोणीतरी डोळेझाक करतं तेव्हा निघतो. दाखल्यावर सही डॉक्टरांची असली तरी आकडा खालून येतो. आणि सरकारी दवाखान्यात ही तपासणी करणारा पोरगा बऱ्याच ठिकाणी 11 महिन्यांच्या करारावर असतो. पुढाऱ्याचा माणूस फोन करतो, 'आपलाच माणूस आहे, बघून घ्या', तेव्हा नव्या पोराने काय करायचं? कायद्याच्या कलम 91 मध्ये खोटेपणाने दिव्यांगांचा लाभ घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. सरकारी नोकरीत दिव्यांगांना 4 टक्के जागा, त्यात कर्णबधिरांच्या वाट्याला 1 टक्का. खोटा दाखला निघाला की त्या एका टक्क्यातून खऱ्या बहिऱ्या पोराचं ताट ओढलं जातं.

लहान लेकरांच्या बाबतीत खोटं वेगळ्या गोडव्याने बोललं जातं. 'याचा आजाही उशिरा बोलला होता, बोलेल' असं घरचे म्हणतात तोवर ठीक. तज्ज्ञाने तसं म्हणू नये. जगभर मानलेला नियम असा की पहिल्या महिन्यात कान तपासावा, तिसऱ्यापर्यंत निदान व्हावं, सहाव्यापर्यंत उपचार सुरू व्हावेत. कारण भाषा शिकायचं वय निघून गेलं की परत येत नाही. उलट बाजूनेही फसवणूक होते. कॉक्लिअर इम्प्लांटचं ऑपरेशन झालं की पोरगं बोलायला लागेल, अशी गॅरंटी दिली जाते. खरं म्हणजे ऑपरेशन ही सुरुवात असते. त्यानंतर वर्षानुवर्षं थेरपी लागते, तीही घरच्या बोलीत. आई अहिराणी किंवा भिली बोलत असताना थेरपिस्टने पुस्तकी मराठीच बोला म्हणून सांगितलं, तर आई गप्प बसते आणि पोराच्या कानावर काहीच पडत नाही.

आणखी एक गोष्ट मोबाईलवाल्या सगळ्यांनाच लागू आहे. मशीन लावल्यावर बाळ पहिल्यांदा आवाज ऐकून दचकतं, हसतं, त्याचा व्हिडिओ फिरतो. बघणाऱ्याच्या डोळ्यात पाणी येतं, पुढे पाठवला जातो. त्याखाली सेंटरचं नाव आणि नंबर असतो, म्हणजे ती जाहिरात आहे. आई-बापाने परवानगी दिली होती का, आणि दिली असली तरी ती मशीनच्या किमतीत सूट मिळणार म्हणून दिली का? तो व्हिडिओ मुलगी वीस वर्षांची झाली, स्थळं यायला लागली तरी कुणाच्या तरी मोबाईलमध्ये असणार. पेशंटची माहिती बाहेर जाऊ द्यायची नाही, हा या पेशाचा जुना नियम आहे. स्टेटसला टाकणं म्हणजे बाहेर जाणंच.

राहिला नोंदणीचा विषय. मेडिकलच्या दुकानात भिंतीवर एकाचं सर्टिफिकेट आणि काउंटरला दुसराच, हे सगळ्यांनी पाहिलंय. कानाच्या सेंटरवर तसं करायचा मोह असतो. नव्या पदवीधराला ऑफर येते, 'तुम्ही यायची गरज नाही, नुसतं नाव वापरू द्या, महिन्याला पैसे घ्या.' 1992 च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यानुसार परिषदेकडे नोंद नसलेल्याला हे काम करता येत नाही. त्यासाठी ठरवलेली शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हजार रुपयांत आज डीएपीची एक गोणी येत नाही, त्यामुळे दंडाला कोण भिणार हा प्रश्नच आहे. नाव भाड्याने देणाऱ्याला मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी लागेल, चुकीच्या रिपोर्टवर नाव त्याचंच छापलेलं असतं.

नोंद झालेल्या प्रत्येकाला सीआरआर नंबर मिळतो. तो रिपोर्टवर आणि बोर्डावर असायला हवा. परिषदेच्या वेबसाइटवर हा नंबर टाकून नाव, शिक्षण आणि नोंदणी पाहता येते, मोबाईलवर दोन मिनिटांचं काम. नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, त्यामुळे नंबर आहे एवढ्यावर न थांबता मुदतही बघावी. मशीन घ्या किंवा नका घेऊ, ऑडिओग्रामचा कागद मागून घ्यावा. तो हातात असला तर दुसऱ्या ठिकाणी दाखवता येतो. कागद द्यायला कोणी टाळाटाळ केली, तर मशीनचे पैसे काढायच्या आधी जिल्हा रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात एकदा तपासून घ्यावं.