मातींतील उड्या मारणारे जीव आणि त्यांची दप्तरी नोंद

गेल्या पावसाळ्यांत आमच्या खताच्या खड्ड्यावर तिळाहूनही बारीक असे असंख्य पांढुरके जीव उड्या मारतांना दिसले. कीड पडली असें समजून आम्हीं त्यांवर कीटकनाशक ओतलें. खताचें कांहीं भलें झालें नाहीं. पैसा मात्र गेला. ते जीव स्प्रिंगटेल होते, हें मागाहून एका जाणत्या गृहस्थांकडून कळलें. अशी चूक करणारे आम्हीच एकटे नसूं, म्हणून हा लेखनप्रपंच.

शास्त्रज्ञ या वर्गास कोलेम्बोला म्हणतात. यांस पाय सहा, पंख नाहींत. पोटाखालीं दुबेळक्यासारखी शेपटी दुमडलेली असते. ती सुटतांच जीव उसळतो. बहुतेक जाती बुरशी व कुजका पाला खाऊन खत होण्यास हातभारच लावतात. तथापि सर्वच निर्दोष नव्हेत. ऑस्ट्रेलियांत यांतील एक हिरवट जात लसूणघासाचीं पानें कुरतडून मोठें नुकसान करते. तेव्हां साव कोण व चोर कोण, हें नमुना पाहिल्यावांचून ठरवूं नये.

नमुना घेण्याची रीत सोपी आहे. तिचें मूळ रूप इटलीचे कीटकशास्त्रज्ञ बर्लेसे यांनीं १९०५ सालीं प्रसिद्ध केलें. नरसाळ्यांत जाळी बसवून तीवर ओली माती पसरावी, वर दिवा लावावा व खालीं ७० ते ८० टक्के मद्यार्काची बाटली ठेवावी. माती वरून सुकूं लागली कीं जीव ओलाव्याच्या शोधांत खालीं उतरतात व बाटलींत पडतात. त्यांस वाळवूं नये; देह सुरकुततो व ओळख पटत नाहीं. मद्यार्कांत रंग फिका पडतो, म्हणून तो आधींच टिपून ठेवावा.

आमची हयात महसुली दप्तरांत गेली. सर्व्हे नंबर नसलेला उतारा जसा निरुपयोगी, तसाच चिठीवांचून नमुना. गांव, सर्व्हे नंबर, तारीख, पीक व गोळा करणाराचें नांव पेन्सिलीनें लिहून चिठी बाटलीच्या आंतच घालावी. साधी शाई मद्यार्कांत उतरते.

इतक्या क्षुद्र जीवांसाठीं हा खटाटोप कशाला, असें कोणी म्हणेल. औषधाची किंमत व मातीची हानि मोजल्यास एक बाटली स्वस्तच पडेल. आपल्या संस्थेनें अशा बाटल्यांचें एक कपाट व एक नोंदवही ठेवावी, आणि शंकास्पद नमुने कृषि महाविद्यालयाकडे तपासणीस धाडावे, अशी आमची नम्र सूचना आहे. चौकशीवांचून शिक्षा देणें कचेरींत न्याय्य नव्हे. तें शेतांतही नसावें.