ड्रायव्हर सापडला, मालक कुठे आहे?



कात्रजचा नवा बोगदा सोडला की नवले पुलापर्यंत सलग उतार. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच उतारावर एका ट्रकने ४८ गाड्या ठोकरल्या. आधी कानावर आलं, ब्रेक फेल. पोलिसांच्या प्राथमिक तपासात निघालं वेगळंच: ड्रायव्हरने डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद केलं होतं. गुन्हा ड्रायव्हरवर दाखल झाला आणि 'बेदरकार' म्हणून आपणही मोकळे झालो.

डिझेल कुणाचं वाचत होतं, हे कुणी विचारलं?

हौसेपोटी कुणी भरलेला ट्रक उतारावर मोकळा सोडत नाही. अनेक वाहतूकदार फेरीमागे डिझेल ठरवून देतात. वाचलं तर ड्रायव्हरचं, जास्त लागलं तर पगारातून कापलं. इंजिन बंद झालं की ब्रेकसाठी हवा भरायची थांबते, गिअरची ओढ जाते आणि सगळा भार तापलेल्या लायनरवर पडतो. मालकांना हे ठाऊक नसतं म्हणणाऱ्याने कुठल्याही ट्रान्सपोर्ट नगरात एकदा चहा प्यावा. त्या रात्रीच्या ट्रकचा हिशोब असाच होता, असा आमचा दावा नाही. प्रत्येक अपघातात तो तपासा, एवढंच म्हणणं आहे.

आज काय होतं? भरपाई विमा कंपनी देते, कोठडी ड्रायव्हरला मिळते आणि मालक सुपुर्दनामा करून ट्रक सोडवून नेतो. पुढच्या फेरीला दुसरा ड्रायव्हर.

कायद्याने मालकाला इतकं मोकळं सोडलेलं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा माल भरलेली गाडी चालवणारा जितका दोषी, तितकाच ती चालवायला लावणारा. दंड २० हजार, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. कलम ११३ तर म्हणतं, ड्रायव्हर स्वतः मालक नसेल तर हे मालकाच्या माहितीने किंवा हुकुमानेच झालं, असं न्यायालय गृहीत धरू शकतं. मोटार वाहतूक कामगारांसाठी २०२५ पर्यंत १९६१ चा कायदा होता. त्यात मर्यादा होती दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. रात्रभर गाडी हाकून सकाळी माल पोचवण्याचा वायदा कुणी केला? ड्रायव्हरने नक्कीच नाही.

रस्ता बांधणारेही असेच सुटतात. सदोष रचनेमुळे माणूस मेला तर कलम १९८-अ खाली दंड जास्तीत जास्त एक लाख. एवढ्यात एक साइनबोर्ड तरी उभा राहतो का, कोण जाणे.

जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हर संपावर गेले तेव्हा पंपावरच्या रांगेत उभं राहून आपण त्यांना शिव्या घातल्या. वाद होता अपघातानंतर पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा. १ जुलै २०२४ ला नवी न्याय संहिता आली, तेव्हा ते कलम तूर्त बाजूला ठेवलं गेलं. त्या गदारोळात मालकाच्या जबाबदारीवर किती बोललं गेलं, तुम्हीच आठवा.

एकाच ट्रकचे हप्ते फेडत स्वतः स्टिअरिंगवर बसणारा मालकही आम्हाला माहीत आहे. त्याच्यावर आमचा रोख नाही. त्यालाही पडेल भाव देऊन 'उद्या सकाळी माल हवा' म्हणणारा कारखानदार या चौकशीत आला पाहिजे.

म्हणून आमची मागणी: मोठ्या अपघाताच्या पंचनाम्याबरोबर त्याच दिवशी बिल्टी, वजनकाट्याची पावती, फास्टॅगच्या नोंदी, डिझेलचा हिशोब आणि ब्रेकच्या कामाची बिलं जप्त करा. आधीच्या ४८ तासांत ड्रायव्हर किती झोपला, हे कागदावर आणा.

ज्यांच्या घरचं माणूस गेलं, त्यांनी एवढं करावं. पोलिसांना अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत दावा न्यायाधिकरणाला द्यावा लागतो; त्याची प्रत मागा. दाव्यात ड्रायव्हर, आरसी बुकावरचा मालक आणि विमा कंपनी, तिघांनाही प्रतिवादी करा. 'गाडी कधीच विकली' ही सबब चालत नाही. आरसीवर नाव ज्याचं, जबाबदार तो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं आहे. दावा तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही लावता येतो. कायद्यातली मुदत सहा महिन्यांची आहे. तेराव्यानंतर बघू म्हणू नका.

– कात्रज-नवले पूल रस्त्याने रोज ये-जा करणारे काही नागरिक