थिएटरमध्ये क्लायमॅक्सचा व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवला, तर काय होऊ शकतं?

समजा, कुपवाड एमआयडीसीतली शिफ्ट संपवून चार मित्र सांगलीला नवा सिनेमा बघायला गेले. क्लायमॅक्स सुरू झाला तसे दोघांचे मोबाइल वर आले. वीस सेकंदांचा व्हिडिओ निघाला आणि घरी पोचायच्या आत स्टेटसलाही लागला. कॅप्शन होती, 'नक्की बघा!'

हेतू चांगलाच होता, सिनेमाची फुकटात जाहिरात. पण कायदा याकडे जाहिरात म्हणून बघत नाही.

'छावा'च्या वेळी काय झालं?

14 फेब्रुवारी 2025 ला 'छावा' रिलीज झाला. सिनेमा संपल्यावर रडणारे प्रेक्षक आणि शिवगर्जना देणारी लहान मुलं असे रील्स महाराष्ट्रभर फिरले. ते बघून आणखी लोक थिएटरकडे वळले.

त्याच मोबाइलवर पायरेटेड कॉपीच्या लिंकही फिरत होत्या. मार्च 2025 मध्ये मुंबईच्या दक्षिण विभाग सायबर पोलिसांनी गुन्हा नोंदवला, तेव्हा तक्रारीत अशा तब्बल 1,818 लिंकचा उल्लेख होता. पुढे पुणे जिल्ह्यातल्या दौंडमधून एका तरुणाला अटक झाली. ॲप बनवून त्यावर सिनेमा दाखवल्याचा आरोप त्याच्यावर होता.

कायदा काय म्हणतो?

2023 मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली आणि दोन नवी कलमं आली.

- 6एए: सिनेमाची किंवा त्याच्या एखाद्या भागाची बेकायदा कॉपी बनवण्याच्या किंवा पुढे पाठवण्याच्या उद्देशाने थिएटरमध्ये रेकॉर्डिंग करण्यावर बंदी.
- 6एबी: अशी कॉपी नफ्यासाठी लोकांना दाखवण्यावर बंदी.

शिक्षा किमान 3 महिने ते कमाल 3 वर्षं तुरुंगवास. दंड किमान 3 लाख रुपये आणि जास्तीत जास्त सिनेमाच्या निर्मिती खर्चाच्या 5 टक्के. म्हणजे सिनेमा 5 कोटींचा असेल, तर दंड 25 लाखांपर्यंत जाऊ शकतो.

'पण आपण कुठे विकत होतो?'

इथेच अनेकांची गल्लत होते. नफ्याची अट 6एबीमध्ये आहे, रेकॉर्डिंगच्या 6एएमध्ये नाही. शिवाय 'एखादा भाग' हे शब्द कलमातच आहेत. त्यामुळे 'पूर्ण सिनेमा काढला नाही' किंवा 'पैसे घेतले नाहीत' एवढ्यावर सुटका होईल, असं धरून चालू नये. उद्देश काय होता, हे शेवटी कोर्ट ठरवतं. पण तिथपर्यंत जायची वेळ कशाला आणायची?

व्हिडिओ नेमका कुठला, हेही शोधता येतं. डिजिटल प्रोजेक्शनमध्ये डोळ्यांना न दिसणारा वॉटरमार्क असतो. त्यावरून कॉपी कोणत्या थिएटरमध्ये आणि कोणत्या वेळी काढली, याचा माग लागू शकतो.

'सैराट' लीक होऊनही चाललाच की!

हा युक्तिवाद हमखास होतो. 2016 मध्ये 'सैराट'ची पायरेटेड कॉपी मोबाइलवरून गावोगाव पोचली, तरी 100 कोटींचा टप्पा गाठणारा तो पहिला मराठी सिनेमा ठरला. पण 'सैराट' हा अपवाद होता. बहुतेक मराठी सिनेमांना मोजकेच शो मिळतात. पहिल्या शनिवार-रविवारी गर्दी दिसली नाही, तर पुढच्या आठवड्यात तेही जातात. त्या तीन दिवसांत लिंक फिरली, तर छोट्या निर्मात्याला सावरायला वेळच मिळत नाही.

नुकसानीचा आकडाही मोठा आहे. ईवाय आणि आयएएमएआय यांच्या 2024 च्या अहवालानुसार 2023 मध्ये भारतात पायरसीची उलाढाल 22,400 कोटी रुपयांची होती. त्यातले 13,700 कोटी थिएटरमधून चोरलेल्या कंटेंटचे होते.

मग मत मांडायचं की नाही?

बिनधास्त मांडा. सिनेमा आवडला नाही, तर तसंही लिहा. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये समीक्षेसाठी सवलत आहे. रिलीजनंतर पहिले तीन दिवस रिव्ह्यू नकोत, अशी मागणी तमिळ निर्मात्यांनी केली होती. पण डिसेंबर 2024 मध्ये मद्रास हायकोर्टाने तशी अंतरिम बंदी घालायला नकार दिला.

त्यामुळे एवढं लक्षात ठेवा:

- पडद्याचा व्हिडिओ नको. पोस्टर, अधिकृत ट्रेलर किंवा थिएटरबाहेरचा सेल्फी चालेल.
- टेलिग्रामवर आलेली लिंक ग्रुपवर पुढे ढकलू नका.
- पायरेटेड कॉपी दिसली, तर तक्रार करा. त्यासाठी केंद्राने नोव्हेंबर 2023 मध्ये सेन्सॉर बोर्ड आणि पीआयबीमध्ये 12 नोडल अधिकारी नेमले. त्यांनी निर्देश दिल्यावर प्लॅटफॉर्मने 48 तासांत लिंक काढायची असते.

कुपवाडच्या त्या चार मित्रांना सिनेमा खरंच आवडला असेल, तर 'नक्की बघा' हे दोन शब्द पुरेसे आहेत. सोबत क्लायमॅक्स दाखवला, तर बघायला उरतं काय?