अंतर कोणते, वेगळे कोण?

मार्च २०२० मध्ये करोनासोबत ‘सामाजिक अंतर’ हा शब्दही आला आणि मराठीच्या प्राध्यापकांनी (त्यांत आम्हीही आलो) तो निमूट स्वीकारला. ज्या समाजाने माणसाच्या सावलीचाही विटाळ मानला, त्यालाच हा सरकारी उपदेश! जागतिक आरोग्य संघटना त्याच महिन्यात ‘शारीरिक अंतर’ म्हणू लागली; आपल्याकडचे बहुतेक फलक तसेच राहिले.

त्याहून घातक जोडी अलगीकरण-विलगीकरणाची. संपर्कात आलेल्याला वेगळे ठेवणे निराळे, बाधिताला वेगळे ठेवणे निराळे. आणि हा भेद एका अक्षरावर टांगलेला. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या वाड्यांतल्या महादेव कोळी आजीने तो ओळखावा, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? भेद कळला नाही, की संपर्कात आलेला धडधाकट माणूसही रोगी ठरतो, वाळीत पडतो. मग पुढचा माणूस ताप लपवतो. साथ अशीही पसरते.

जुलै २०२१ मध्ये राज्यातला पहिला झिका रुग्ण पुरंदरमधल्या बेलसरला सापडला. तेव्हा साठलेले पाणी ओतून टाका, गरोदर बाईला डासांपासून जपा, हे आधी सांगायचे होते. एवढ्याला परिभाषा कशाला? पत्रकाचा मसुदा छापण्याआधी गावच्या आशाताईंना वाचून दाखवावा. त्या अडखळतील तो शब्द खोडावा, मग तो आमच्यापैकी कोणी का घडवलेला असेना.